फाटणारी भूमि आणि आकाशांतली मोजपट्टी

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत इथिओपिया देशांतील हायली गुब्बी या ज्वालामुखीनें उडविलेली राख तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून वायव्य भारतावरील आकाशांत आली आणि कांहीं विमानांचे प्रवास रद्द करावे लागले. ज्या डोंगराचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं पूर्वीं ऐकलें नव्हतें, त्याची राख दिल्लीपर्यंत यावी याचें नवल वर्तमानपत्रांत दोन दिवस झालें आणि तें राखेबरोबरच विरलें. आम्हांस मात्र त्या निमित्तानें त्याच मुलखांतील वीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली. ती या राखेहून मोठी आहे. आणि ती प्रथम नीट वाचली गेली ती भूमीवरून नव्हे, तर आठशें किलोमीटर उंचीवरून.

या मुलखास अफार म्हणतात. आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतला हा त्रिकोणी प्रदेश अतिशय उष्ण व रुक्ष आहे. त्याचा दनाकिल नांवाचा भाग तर समुद्रसपाटीच्याहि शंभर मीटरांहून अधिक खालीं आहे. तेथील मिठाचे थर फोडून त्यांच्या लाद्या उंटांवर घालून नेण्याचा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. लोक बहुतेक पशुपाल. भूगर्भशास्त्रज्ञांच्या दृष्टीनें मात्र हा एक तिठा आहे. तांबडा समुद्र, एडनचें आखात आणि पूर्व आफ्रिकेची खचदरी अशा तीन भेगा येथें येऊन मिळतात. पहिल्या दोहोंत समुद्र शिरला आहे. तिसरी अद्याप कोरडी आहे. भूखंड फाटून समुद्र कसा जन्मास येतो हें पायीं हिंडून पाहावयाचें असेल, तर याहून सोयीची जागा पृथ्वीवर विरळाच. आणि ‘सोयीची’ हा शब्द किती विनोदी आहे हें तेथील उन्हांत काम केलेल्यांस विचारावें.

भूमि फाटल्यामुळें ही दरी झाली, हा विचार जुना आहे. व्हिएन्नाचे अध्यापक एडुआर्ड सूस यांनीं आफ्रिकेंत पाऊलहि न टाकतां, टेलेकी व हॉनेल या प्रवाशांच्या निरीक्षणांवरून, १८९१ सालीं ही सर्व दऱ्यांची माळ म्हणजे भूपृष्ठाला पडलेली एकच भेग आहे असें प्रतिपादन केलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं जॉन वॉल्टर ग्रेगरी हे इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ स्वतः केनियांत उतरले, बारिंगो सरोवरापर्यंत चालत गेले, आणि १८९६ च्या आपल्या ग्रंथानें त्यांनीं ‘रिफ्ट व्हॅली’ हें नांव कायमचें रूढ केलें. कमानीचा मधला दगड निसटून खालीं बसावा तशी ही जमीन खचली, असें त्यांचें म्हणणें. येथवर सर्व सुरळीत वाटतें. परंतु पुढें १९३६ सालीं एडवर्ड बुलर्ड यांनीं पूर्व आफ्रिकेंत गुरुत्वाकर्षणाचीं मापें घेऊन नेमका उलट निष्कर्ष काढला, कीं दरीचा तळ दोहों बाजूंच्या दाबानें खालीं धरून ठेवला आहे! म्हणजे भूमि ताणली जात आहे कीं चेपली जात आहे, एवढ्या मूळ मुद्द्यावरच विद्वानांत मतभेद. बुलर्ड हे कांहीं सामान्य गृहस्थ नव्हेत. चूक त्यांच्या बुद्धीची नव्हती. जी हालचाल वर्षाला दोन सेंटिमीटरांहूनहि कमी, ती प्रत्यक्ष मोजण्याचें साधनच कोणाजवळ नव्हतें, म्हणून सगळा वाद तिच्या खुणांवर चालला होता.

१९६० नंतरच्या दशकांत भूपट्टांचा सिद्धांत मान्य झाला आणि ‘ताणली जाते’ हा पक्ष जिंकला. अरबस्तान मागें सरकवून आफ्रिकेशीं भिडविला तर दोन्ही किनारे जुळतात, फक्त अफारचा तुकडा अधिक उरतो. कारण त्याची बरीचशी जमीन फाटतांना वर आलेल्या शिलारसाचीच, म्हणजे मागाहून झालेली आहे. तरीहि ती फाटते कशी, रोज कणाकणानें कीं एकदम, हा प्रश्न उरलाच. आइसलंडमध्यें क्राफ्ला येथें १९७५ ते १९८४ या काळांत आणि अफारच्याच पूर्व टोकाला असाल येथें १९७८ सालीं जमीन झटक्यांनीं उघडलेली दिसली होती. पण क्राफ्ला महासागरी कण्यावरचें, आणि असालचा झटका लहान.

आतां दुसरा धागा. रडारच्या लहरी पदार्थावर आदळून परत येतात हें सर्वांस माहीत आहे. उपग्रहावरून अशी लहर सोडली तर परत आलेल्या लहरीवरून दोन गोष्टी कळतात: ती किती जोरानें आली, आणि येतांना तिच्या चढउताराचा कोणता टप्पा चालला होता. या दुसऱ्या गोष्टीस शास्त्रांत ‘कला’ म्हणतात. वाचकांनीं तासकांटा मोडलेलें एक घड्याळ मनांत आणावें. त्यावरून किती वाजले हें कळणार नाहीं. पण काल आणि आज एकाच घटकेला तें पाहिलें, व मिनिटकांटा पांच घरें पुढें दिसला, तर कांहींतरी बदललें हें निश्चित. उपग्रह पुन्हां त्याच वाटेनें आला म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या दोन कलांची वजाबाकी करतात आणि ती रंगांच्या पट्ट्यांनीं नकाशावर मांडतात. एन्व्हिसॅट या युरोपीय उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरांची; जातां-येतां अंतर दोनदां मोजलें जात असल्यामुळें एक पूर्ण रंगपट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेनें जमिनीची २.८ सेंटिमीटर हालचाल. गांवचा मोजणीदार बांधावर सांखळी टाकून जें करतो तेंच हें, फक्त सांखळी प्रकाशवेगानें धांवते आणि एका फेरींत शंभर किलोमीटर रुंदीचा मुलूख मोजते.

ही युक्ति एका दिवसांत हातीं आली नाहीं. अमेरिकेचा सीसॅट उपग्रह १९७८ सालीं जेमतेम साडेतीन महिने चालून बंद पडला. त्याच्याच जुन्या चित्रांवरून गॅब्रियल, गोल्डस्टाइन व झेब्कर यांनीं १९८९ सालीं कॅलिफोर्नियांतील शेतजमीन पाणी दिल्यावर किंचित् फुगते हें दाखविलें. १९९३ सालीं दिदिए मासोने व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्नियांतील लँडर्सच्या भूकंपाचें पट्ट्यापट्ट्यांचें चित्र प्रसिद्ध केलें. दोन वर्षांनीं त्यांनींच, उद्रेकांत शिलारस ओकतांना एटना पर्वताचें पोट कसें खपाटीस गेलें तेंहि मोजून दाखविलें. या पद्धतीला अडचणीहि आहेत. हवेंतील बाष्प तिला फसवितें, आणि झाडोरा वाढला कीं कालचा व आजचा पृष्ठभाग जुळेनासा होतो. आपल्या कोंकणांत आषाढ-श्रावणांत ती फारशी चालणार नाहीं. अफार मात्र उघडाबोडका; तेथें तिच्यासाठीं जणूं पाटीच पुसून ठेवलेली.

त्या पाटीवर सप्टेंबर २००५ मध्यें अक्षरें उमटलीं. १४ सप्टेंबरपासून दब्बाहू ज्वालामुखीच्या परिसरांत भूकंपांची रांग लागली. तीन आठवड्यांत लहानमोठे दीडशेंहून अधिक धक्के दूरदूरच्या यंत्रांवर नोंदले गेले. २६ तारखेला दब्बाहूच्या पायथ्याशीं दा-उरे येथें जमीन फुटली आणि राखेचा लोट उठला. तीन दिवस व तीन रात्री अंधार पडला होता, असें तेथील पशुपालांनीं सांगितलें. सहा हजारांहून अधिक लोकांना स्थलांतर करावें लागलें. मागाहून गेलेल्या शास्त्रज्ञांना तेथें सुमारें पांचशें मीटर लांबीची आणि साठ मीटर खोल अशी भेग आढळली. त्यावरून पाहणाराला वाटावें, की झालें तें एवढेंच.

परंतु घटनेच्या अगोदरचीं व नंतरचीं एन्व्हिसॅटचीं चित्रें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां रंगपट्टे साठ किलोमीटर लांबीवर पसरलेले दिसले. मध्यभागीं तर जमीन इतकी हलली होती कीं पट्टेच पुसले गेले, आणि तेथें दोन चित्रांतील तींच तीं स्थळें जुळवून किती सरकलीं तें काढावें लागलें. टिम राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं हा हिशेब प्रसिद्ध केला. भूगर्भांत शिलारसाची एक उभी भिंत शिरली होती. तिनें दरीच्या दोन बाजू कांहीं ठिकाणीं आठ मीटरपर्यंत दूर सारल्या. कांठ दीड मीटरपर्यंत उचलले गेले, मधली पट्टी खालीं बसली. शिलारस अडीच घन किलोमीटर. त्यांतला वर आला तो जवळजवळ शून्य, ती दा-उरेची राख काय तेवढी.

या भिंतीस शास्त्रांत डाइक म्हणतात. आपल्याकडे ती डोळ्यांनीं पाहतां येते. धुळें-नंदुरबारच्या माळरानांवर काळ्या दगडाच्या ज्या लांबच लांब, सरळ, कोणीं रचून ठेवल्यासारख्या रांगा उभ्या आहेत, त्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनचे थर पसरले त्या काळच्या अशाच भेगांतील गोठलेला शिलारस होय. वरचा खडक झिजून गेला म्हणून त्या उघड्या पडल्या. अफारमधली भिंत मात्र ताजी, आणि जमिनीच्या पोटांत.

आठ मीटर म्हणजे किती? वर्षाला दोन सेंटिमीटर धरले तर चारशें वर्षांचें सांचलेलें देणें तीन आठवड्यांत फिटलें. भूमि दररोज थोडी थोडी फाटत नाहीं. ती शतकानुशतकें ताण सोसते आणि शिलारसानें पाचर मारली कीं एका झटक्यांत उघडते. आमच्या मतें सूस-ग्रेगरींपासून चाललेल्या वादांतलें हें सर्वांत महत्त्वाचें पान होय. दाब कीं ताण एवढाच विचार करणाऱ्या जुन्या पंडितांच्या हिशेबांत ही पाचर पुरेशी आलीच नव्हती.

पुढचा हिशेबहि मनोरंजक आहे. प्रथम वाटलें कीं शिलारस उत्तरेच्या दब्बाहू व गब्बो या दोन ज्वालामुखींतून आला, कारण ते दोन्ही खचले होते. पण त्यांच्या खचण्यांतून सुमारें अर्धा घन किलोमीटरच निघेना. जमाखर्च जुळत नाहीं म्हणजे वही कोठेंतरी अपुरी आहे हें कोणताहि कारकून सांगेल. भूकंपांचा क्रम तपासतां दरीच्या मध्यावरील अदो-आले हें मुख्य उगमस्थान ठरलें. २०१० पर्यंत तेथूनच आणखी तेरा डाइक निघाले. त्यांपैकीं २००७, २००९ व २०१० मधल्या तिघांचा लाव्हा पृष्ठभागावर आला. शास्त्रज्ञांना हें सारें क्रमाक्रमानें पाहतां आलें.

याच दृष्टीनें केनियांतील ज्वालामुखींकडे पाहिलें, तेव्हां निजलेले समजले जाणारे डोंगरहि श्वास घेत असलेले आढळले: लोंगोनोट २००४ ते २००६ मध्यें सुमारें नऊ सेंटिमीटर उचलला गेला होता, आणि पाका २००६-०७ मध्यें एकवीस. उलट, मार्च २०१८ मध्यें केनियांतील सुस्वाजवळ पडलेल्या भेगेवरून ‘आफ्रिका दुभंगली’ असा जो जगभर गवगवा झाला, तिच्यांत मुसळधार पावसानें मऊ राखेची माती वाहून नेल्याचाच भाग मोठा होता. चित्र भव्य दिसलें म्हणजे कारणहि भव्य असलें पाहिजे, असा वर्तमानपत्रांचा समज दिसतो.

परंतु पाहतां येणें आणि वेळीं सांगतां येणें यांत अंतर आहे, आणि तें माणसांच्या जीवाशीं निगडित आहे. एरिट्रियांतील नाब्रो २०११ च्या जूनमध्यें पेटला, तेव्हां त्याच्यावर देखरेख करणारें एकहि यंत्र जवळपास नव्हतें. एन्व्हिसॅट २०१२ च्या एप्रिलमध्यें मुका झाला. त्याची जागा घेणारा सेंटिनेल-१ दोन वर्षांनीं गेला. सप्टेंबर २०२४ पासून इथिओपियांतील फेंताले व दोफेन यांच्या दरम्यान पुन्हां एक डाइक शिरूं लागला, भूकंप सुरू झाले आणि हजारों लोकांना घरें सोडावीं लागलीं. या वेळीं त्याची वाढ उपग्रहांनीं आठवड्यामागून आठवडे मोजली. हायली गुब्बीचीहि अगदींच सूचना नव्हती असें नाहीं. जुलै २०२५ मध्यें शेजारच्या एर्टा अलेचा उद्रेक झाला, तेव्हां शिलारस जमिनीखालून हायली गुब्बीच्या दिशेनें सरकल्याचें रडारच्या चित्रांत दिसलें होतें. तो वर येईल कीं नाहीं, आणि आला तर केव्हां, हें मात्र कोणी सांगूं शकलें नाहीं. नोव्हेंबरांत राख उडाली तेव्हां डोंगरालगतच्या वस्तींतल्या पशुपालांच्या चराऊ कुरणांवर ती बसली.

त्याच जुलैच्या ३० तारखेस श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त रडार-उपग्रह सुटला. त्याची एक लहर सुमारें चोवीस सेंटिमीटरांची असल्यामुळें ती झाडोऱ्यांतूनहि बरीचशी आरपार जाते. बारा दिवसांनीं तो पुन्हां त्याच भूमीवर येतो, आणि अफार त्याच्या वाटेंत आहे.