हजार डोळे आणि तीन मते

वसई-विरारकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुले झॅम्प हा तयार सर्व्हर-संच उघडतात, अपाचीसमोरचे स्टार्टचे बटण दाबतात आणि पोर्ट ८० आधीच कोणी अडवून ठेवले असेल तर वैतागतात. त्याच मुलांना तोंडी परीक्षेत विचारावे की अपाची हा वेब सर्व्हर भरवशाचा का. उत्तर ठरलेले असते : ओपन सोर्स आहे, हजारो लोक त्याचा कोड बघत असतात, त्यामुळे चुका राहत नाहीत. परीक्षकही मान डोलावतात. हेच वाक्य सेमिनारमध्ये, सॉफ्टवेअर निवडीच्या बैठकांत आणि पाठ्यपुस्तकांत फिरत असते. माझ्या मते ते चूक आहे. त्याने नुकसानही होते, कारण ज्या कामावर अपाची तीस वर्षे उभा आहे ते काम या वाक्याआड दिसेनासे होते.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. बघणारे पुरेसे असले की कोणताही दोष खोलवर दडून राहू शकत नाही, हा विचार एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडला आणि त्याला लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव दिले. अपाचीचा जन्म या विचाराला साजेसाच आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर ते १९९४ मध्ये तिथून बाहेर पडल्यावर पोरका झाला. तो वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या स्वतःजवळ बाळगून होते. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यातले आठ जण एकत्र आले, दुरुस्त्या एकमेकांना दिल्या आणि एप्रिलमध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. डिसेंबरमध्ये १.० आली आणि एप्रिल १९९६ पर्यंत जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर अपाची होता. पगारी कंपनी नाही, विक्री विभाग नाही, तरी हे घडले. तेव्हा कोड उघडा असण्यात सामर्थ्य आहे, हे नाकारण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न येतो तो बघणाऱ्यांच्या संख्येचा. ऑड्रिस मोकस, रॉय फील्डिंग आणि जेम्स हर्ब्सलेब यांनी २००० साली अपाचीच्या विकासाचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. यातले फील्डिंग स्वतः अपाचीच्या संस्थापकांपैकी, त्यामुळे हा बाहेरच्या टीकाकाराचा निवाडा नव्हता. कोड देणारे लोक सुमारे चारशे निघाले, पण नव्या कोडचा ऐंशी टक्क्यांहून मोठा भाग पंधरा जणांचा होता. दोष कळवणारे तीन हजारांच्या घरात होते आणि त्यांतले बहुतेक एकदाच आले, एक तक्रार नोंदवून गेले. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो आणि तो क्वचितच सांगितला जातो. चाचणी विभागाकडे जाण्याआधीच्या व्यापारी सॉफ्टवेअरशी तुलना केली, तर अपाचीच्या कोडमध्ये दोष कमी होते. ग्राहकाच्या हाती पडलेल्या व्यापारी सॉफ्टवेअरशी तुलना केली, तर मात्र अपाचीत दोष जास्त होते. लिहिणारे उत्तम होते. संपूर्ण सर्व्हर एकत्र बांधून, पद्धतशीर ताण देऊन तपासणारी स्वतंत्र फळी नव्हती. हजार डोळ्यांनी ती उणीव आपोआप भरून काढली नाही.

मग अपाचीची आवृत्ती बाहेर पडते तरी कशी? हे जाणून घेतले की वरचे ठरलेले उत्तर कोणी देणार नाही. विकासाची मुख्य शाखा वेगळी असते. तिथे बदल आधी टाकतात आणि तपासणी नंतर होते. लोक प्रत्यक्षात वापरतात ती स्थिर शाखा वेगळी, आज ती २.४ ची आहे, आणि तिथे नियम उलटा आहे : आधी तपासणी, मग बदल. मुख्य शाखेतला बदल स्थिर शाखेत आणायचा तर तसा प्रस्ताव नोंदवावा लागतो आणि तीन जणांची अनुकूल मते मिळेपर्यंत तो तसाच थांबतो. सबळ तांत्रिक कारण देऊन एकटा माणूसही तो रोखू शकतो. पुरेसे बदल साचले की एखादा सदस्य स्वेच्छेने रिलीज मॅनेजर होतो, त्या क्षणीच्या कोडवर खूण करतो, सोर्स कोडचा गठ्ठा बांधतो, त्यावर आपल्या किल्लीने डिजिटल सही करतो आणि मतदान पुकारतो. साधारणपणे बहात्तर तासांची मुदत असते.

या बहात्तर तासांतले मत म्हणजे हात वर करणे नव्हे. अनुकूल मत देणाऱ्या सदस्याने सही केलेला गठ्ठा स्वतः उतरवून घ्यायचा, सही पडताळायची, आपल्या यंत्रावर सर्व्हर बांधायचा आणि चालवून बघायचा, अशी अपाची फाउंडेशनची अट आहे. पर्ल भाषेत लिहिलेला चाचण्यांचा मोठा संच त्यासाठी हाताशी असतो. शेकडो विनंत्या सर्व्हरवर सोडायच्या आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आले का ते तपासायचे. मत देताना बहुतेक जण कोणत्या प्रणालीवर तपासले तेही लिहितात : डेबियन, फेडोरा, मॅक, विंडोज, कधी एखादे जुने सोलारिस. किमान तीन बंधनकारक अनुकूल मते आणि प्रतिकूलांपेक्षा अनुकूल जास्त, एवढे झाले की आवृत्ती जाहीर होते. मत दिलेल्या प्रत्येकाचे नाव कायमचे नोंदले जाते.

यात नापासही होतात. आवृत्त्यांच्या यादीत २.४.४१ नंतर थेट २.४.४३ आहे आणि त्यानंतर थेट २.४.४६. मधले क्रमांक दिले गेले होते, पण त्या उमेदवार आवृत्त्या कधी जाहीर झाल्या नाहीत. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, हा संकेत. अपाचीवरचा माझा विश्वास या रिकाम्या जागांवर आहे. तिथे कोणीतरी बांधून बघितले, चालवले आणि थांबा म्हटले.

हे सगळे असूनही २.४.४९ घडली. १६ सप्टेंबर २०२१ ला ही आवृत्ती रीतसर मतदानाने बाहेर आली. तिच्यात पत्ता सरळ करण्याचे काम नव्याने लिहिले होते. ब्राउझरकडून आलेल्या पत्त्यात लागोपाठ दोन टिंबे असली तर त्याचा अर्थ एक फोल्डर वर जा असा होतो, आणि सर्व्हरने आपल्या हद्दीबाहेर जाणारी अशी वाट बंद करायची असते. पण टिंब उघडपणे न लिहिता टक्का चिन्हाने सुरू होणाऱ्या संकेतातही लिहिता येते. पहिले टिंब उघड आणि दुसरे संकेतात आले की नवा कोड फसत होता. ज्या सर्व्हरवर बाहेरच्या फोल्डरांना स्पष्ट मज्जाव केलेला नव्हता, तिथल्या खासगी फाइली बाहेरून वाचता येऊ लागल्या. सीजीआय, म्हणजे विनंतीवरून सर्व्हरवरचे प्रोग्राम चालवण्याची सोय, चालू असेल तर सर्व्हरवर परक्याचा प्रोग्रामही चालवता येत होता. २९ सप्टेंबरला दोष कळवला गेला, ४ ऑक्टोबरला २.४.५० आली. ती दुरुस्तीही अपुरी निघाली, कारण संकेताचाच पुन्हा संकेत केला की तीच वाट परत उघडत होती. ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. २.४.४८ आणि त्याआधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना या दोषाची झळ लागली नाही.

पूर्वपक्षी इथे म्हणेल, बघा, दोन आठवड्यांत दोष सापडला, म्हणजे डोळ्यांनी काम केलेच की. हा आक्षेप वजनदार आहे, पण सापडला केव्हा ते बघावे. आवृत्ती लोकांच्या सर्व्हरवर बसल्यानंतर. दुरुस्तीपूर्वीच हल्ले करणाऱ्यांनाही तो सापडला होता. नवा कोड जाहीर होण्याआधीही उघडाच होता, तेव्हा तो कोणालाही वाचता येत होता. संकेतातले दुसरे टिंब देऊन बघणारी एक चाचणी संचात असती तर मतदानाच्या पहिल्याच दिवशी उमेदवार नापास झाला असता. वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष तर मार्च २०१२ मध्ये बाहेर पडून एप्रिल २०१४ पर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ, जगाच्या डोळ्यांदेखत पडून होता. कोड वाचण्याची मुभा असणे आणि कोणीतरी तो तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेळ काढावा लागतो, यंत्र लागते, नाव द्यावे लागते.

एक्सझेडचे प्रकरण याहून बोलके आहे. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या त्या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला गेला. तो उघडणारा कळीचा तुकडा सार्वजनिक कोड भांडारात नव्हताच. फक्त जाहीर केलेल्या गठ्ठ्यात होता. भांडार वाचणारे लाखो डोळे असते तरी त्यांना तो दिसला नसता. दिसला तो आंद्रेस फ्रॉइंड यांना, कारण ते स्वतःच्या यंत्रावर मोजमाप करत होते आणि दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएचला सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो याचा त्यांनी पिच्छा पुरवला. म्हणूनच अपाचीत मत देणाऱ्याने गठ्ठा उतरवून, सही पडताळून बांधला पाहिजे ही अट आहे. तपासायचे ते जे बाहेर जाणार आहे तेच.

यावरून कोणी बंद सॉफ्टवेअरकडे वळू पाहील, तर जुलै २००१ चा कोड रेड आठवावा. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमधल्या दोषातून त्या किड्याने चौदा तासांत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे धरली. तिथे तर बाहेरच्या कोणाला तपासायची सोयही नव्हती.

आता मंडन. चाचणीची ही फळी लहान आहे आणि तिच्यात आपण जवळजवळ नाही. त्यामुळे आपल्या वापराची वळणे तपासली जातातच असे नाही. एक उदाहरण अगदी घरचे आहे. वेबवरच्या पत्त्यात देवनागरी अक्षर पाठवायचे तर प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्का चिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो. 'वसई' या तीन अक्षरांच्या सत्तावीस खुणा होतात. म्हणजे मराठी नावाच्या फोल्डरकडे जाणारी प्रत्येक विनंती संकेत उलगडणाऱ्या त्याच भागातून जाते, ज्या भागातल्या गफलतीने २.४.४९ बुडाली. मराठी नावे टाकून तो विशिष्ट दोष सापडलाच असता असा दावा मी करणार नाही, तो टिंबाचा होता. पण या रस्त्यावरून आपण रोज जातो, आणि इंग्रजी फाइलनावांवर काम करणाऱ्याला तो क्वचितच लागतो. दुसरे वळण नेटवर्कचे. नायगाव आणि भाईंदरच्या मधे, खाडीवरच्या पुलावरून जाणाऱ्या भरगच्च लोकलमध्ये शेकडो मोबाईल एकाच वेळी अर्धवट विनंत्या पाठवतात, तुटतात, पुन्हा जोडतात. सर्व्हरची एकेक जागा अशा रेंगाळत्या जोडणीने अडवून ठेवली की काय होते, हे स्थिर आणि वेगवान जोडणीवर बसून नीट कळत नाही.

हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. महाविद्यालयातले जुने लिनक्स यंत्र पुरते. लिनक्सचे प्राथमिक धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून मिळतात. मात्र झॅम्पचे बटण दाबून हे होणार नाही. अपाची प्रकल्प अधिकृतपणे जाहीर करतो तो फक्त सोर्स कोड. विंडोजसाठी तयार बांधलेला सर्व्हर दुसऱ्यांनी बांधलेला असतो. तपासायचे तर गठ्ठा घेऊन स्वतः बांधावा लागतो, आणि ते एकदा केलेल्या विद्यार्थ्याला सर्व्हर म्हणजे काय हे जितके कळते तितके चार प्रॅक्टिकलच्या जर्नलांतून कळत नाही.

शेवटचा आक्षेप विद्यार्थ्यांकडूनच येतो : आमचे मत बंधनकारक धरत नाहीत, मग उपयोग काय? बंधनकारक मत फक्त व्यवस्थापन समितीच्या सदस्यांचे, हे खरे. एकट्या प्रतिकूल मताने आवृत्ती अडतही नाही, मग ते सदस्याचे असो वा पाहुण्याचे. बदल रोखता येतो, आवृत्ती नाही. पण उमेदवार मागे घेण्याचा अधिकार रिलीज मॅनेजरला असतो, आणि तो वापरताना समोरचे मत कोणाचे यापेक्षा त्यासोबत काय दिले आहे हे बघितले जाते. कोणती प्रणाली, कोणती सेटिंग, नेमकी कोणती विनंती पाठवली, काय उत्तर यायला हवे होते आणि काय आले, एवढे लिहिलेले असेल आणि दुसऱ्या कोणालाही तसेच करून तोच दोष दिसत असेल, तर ते विरारहून आले की बर्लिनहून, याने फरक पडत नाही.