बंदूक, स्वसंरक्षणार्थ (सोलापूर जिल्हा)

जीवित व घराच्या रक्षणासाठी परवान्यावर बाळगलेले अग्निशस्त्र. भारतात ते बाळगणे हा हक्क नसून सवलत आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार सोलापूर शहरात पोलीस आयुक्त, तर उर्वरित जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

बंदुकीचे समर्थक शेतातल्या वस्तीकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे: उसाच्या फडाला लागून असलेल्या एकाकी घरी रात्री पोलीस लगेच पोचत नाहीत. रात्रीच्या घरफोडीत प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकाराची मुभा भारतीय न्याय संहितेतही आहे. पण मुभा असली म्हणून वेळ मिळतोच असे नाही. कुलपातली बंदूक झोपमोडीच्या क्षणी कामाची नसते. उशाशी भरून ठेवली, तर ती आधी घरातल्या पोराच्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या हाती लागते. आर्थर केलरमन यांच्या १९९३ च्या अमेरिकी अभ्यासात बंदूक असलेल्या घरांत हत्येचा धोका सुमारे २.७ पट आढळला. धास्तावलेलेच बंदूक घेतात, हा त्यावरचा आक्षेप रास्त; तरीही हा वाढीव धोका मुख्यतः कुटुंबीय व निकटवर्तीयांकडूनच होता, बाहेरच्या चोराकडून नव्हे. वन्यप्राण्यांच्या भीतीपोटीही घरची बंदूक हा उपाय ठरत नाही: डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यातील नरभक्षक बिबट्या बंदुकीनेच मारला गेला, परंतु वनखात्याच्या परवानगीने मोहिमेत उतरलेल्या नेमबाजाच्या हातून.