चेपॉक राजवाडा

चेपॉक राजवाडा : चेन्नईतील अर्काटच्या वालाजाह नबाबांची वास्तू. मरीना किनाऱ्यालगतचा हा वाडा नबाब मुहम्मद अलीने १७६८ च्या सुमारास बांधला. कलस महाल व हुमायून महाल हे त्याचे मुख्य भाग. लाल भिंती, कमानी आणि मिनार पाहताना तो पुढच्या इंडो-सारासेनिक इमारतींचा पूर्वज वाटतो.

रचनाकार म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता पॉल बेनफील्ड याचे नाव घेतात. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे. बेनफील्ड नबाबाचा सावकारही होता. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेऊन तेथील मराठा राजे तुळजाजी भोसल्यांना कैद केले. १७७६ मध्ये तुळजाजींना राज्य परत मिळाले, तेव्हा त्या मुलखाच्या महसुलावर बेनफील्डने मोठ्या कर्जाचा दावा सांगितला.

१८५५ मध्ये नबाबी संपली आणि वाडा लिलावात सरकारकडे गेला. रॉबर्ट चिझमने पुढे त्याला मनोऱ्याची जोड दिली. जानेवारी २०१२ च्या आगीत कलस महाल जळाला. नंतर तो दुरुस्त झाला. घराण्याची वालाजाह मशीद (१७९५) ट्रिप्लिकेनमध्ये आहे. ‘अर्काटचे प्रिन्स’ हा किताब चालवणारे वंशज रॉयपेट्टातील अमीर महालात राहतात.