पन्नास शब्दांपासून साडेसहा बँडपर्यंत : परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचे गुण

(टेंभुर्णी येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत्ता व्यासपीठावर येताना एका पालकांनी आम्हाला थांबवलं. हातात मोबाइल, मोबाइलवर मुलाचा आयेल्ट्सचा निकाल. ऐकणं साडेसात, वाचन सात, लेखन साडेपाच, बोलणं साडेसहा. एकूण साडेसहा. ते म्हणाले, "सर, क्लासवाल्यांनी सांगितलं होतं की कॅनडाला सहा लागतात. पोराला साडेसहा आलेत. मग नापास कसा?"

आजचं व्याख्यान या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा. उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो कळला नाही तर पोरगं आयुष्यभर समजत राहील की आपलं इंग्रजीच कच्चं.

आधी १८८३ सालात जाऊ. आनंदीबाई जोशी त्या वर्षी अमेरिकेला गेल्या. समाजाने त्यांना काय काय ऐकवलं ते आपल्याला माहीत आहे. पण न्यूयॉर्कच्या बंदरावर त्यांची भाषेची परीक्षा कोणी घेतली नाही, कारण तेव्हा तशी परीक्षाच नव्हती. भाषा येते की नाही यावरून माणसाला देशात घ्यायचं की नाही हे ठरवणं, ही कल्पना नंतरची आहे. आणि तिचा संबंध थेट आपल्या हिंदी लोकांशी आहे. एवढंच काय, उसाशीही आहे.

दक्षिण आफ्रिकेत नाताळ नावाची ब्रिटिश वसाहत होती. तिथल्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जात. मजुरांपाठोपाठ व्यापारीही गेले, आणि त्यांची दुकानं चालू लागली. गोऱ्या वसाहतवाल्यांना मजूर हवे होते, दुकानदार नको होते. पण 'हिंदी माणसाला बंदी' असा सरळ कायदा करणं लंडनला अडचणीचं होतं. हिंदी माणूसही राणीचाच प्रजाजन होता ना!

मग नाताळने १८९७ साली युक्ती काढली. कायद्यात वंशाचं नाव कुठेच नाही. अट एवढीच की बाहेरून येणाऱ्याने ठरलेल्या नमुन्याचा अर्ज युरोपातल्या कुठल्याही एका भाषेच्या लिपीत स्वतः लिहून दाखवायचा. नाव काय, राहतो कुठे, धंदा काय, जन्म कुठला. झाली परीक्षा.

आता बघा. मोडीत चोख खतावणी लिहिणारा मराठी कारकून, गुजरातीत हुंड्या लिहिणारा सुरतेचा व्यापारी, वेदान्त कोळून प्यालेला शास्त्री, हे सगळे या कायद्याने 'न शिकलेले' ठरले. करारावर ऊस तोडायला येणाऱ्या मजुराला मात्र ही परीक्षा नव्हतीच. त्याचे हात हवे होते, तेव्हा त्याला वाचता येतं का हे कोण विचारणार? याचा अर्थ परीक्षा भाषेची नव्हतीच. कोण नको आहे हे आधी ठरलं होतं, परीक्षा मागाहून बेतली.

हा कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, गांधीजी नाताळमधल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन पुण्यात आले होते. टिळक, गोखले, भांडारकर तिघांनाही भेटले. या तिघांपैकी कोणीही तो अर्ज मिनिटात लिहिला असता. कायद्याचा रोख त्यांच्यावर नव्हता, साध्या कमावत्या माणसावर होता.

वसाहत मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८९७ मध्येच लंडनला वसाहतींच्या पंतप्रधानांची परिषद भरवली आणि नाताळचा हा नमुना इतरांपुढे ठेवला. काम तेच होतं, आणि वंशाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तो उचलला आणि आणखी धार लावली. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, आलेल्या माणसाने तो लिहायचा. भाषा युरोपातली कुठलीही, आणि ती निवडणार अधिकारी. म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतंय असं दिसलं, तर तो जर्मनमध्ये उतारा घालू शकतो! १९०५ मध्ये 'युरोपीय' हा शब्द काढून 'ठरवून दिलेली भाषा' असं केलं, पण युरोपाबाहेरची एकही भाषा कधी ठरवली गेली नाही. सुरुवातीच्या वर्षांत थोडे लोक पास झाले. १९०९ नंतर एकही नाही.

सगळ्यात गाजलेला किस्सा १९३४ चा. एगॉन किश हा प्राग शहरचा पत्रकार, हिटलरचा विरोधक. सरकारला तो नको होता. पण त्याला अनेक भाषा येत. मग त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा घातला. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने म्हटलं, कायद्यातल्या अर्थाने ही युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला. पण परीक्षा कायद्यातून निघायला १९५८ साल उजाडलं.

या परीक्षेला गुणपत्रिका नव्हती. किती चुका चालतात, पेपर कोण तपासतं, फेरतपासणी कुठे मागायची, काहीच नाही. पास-नापास अधिकाऱ्याच्या मनात.

मग आपले लोक गप्प बसले का? नाही. ट्रान्सवालमध्ये असा कायदा झाला तेव्हा १९०८ साली सोराबजी शापुरजी अडाजानिया हे पारशी गृहस्थ कळवून-सवरून सरहद्दीवर गेले. म्हणाले, घ्या माझी इंग्रजीची परीक्षा. अधिकारी म्हणाला, तुम्हाला इंग्रजी येतं हे मला माहीत आहे, परीक्षा कशाला? त्यांना आत सोडलं, आणि पुढे नोंदणीच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं. म्हणजे परीक्षा पास झालो तरी दार उघडेलच असं नाही! फर्ग्युसनचे प्राध्यापक राहिलेले आपले गोखले १९१२ मध्ये स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, मंत्र्यांना भेटले. तिथल्या हिंदी लोकांची मागणी साधी होती. प्रत्यक्षात थोडेच लोक घ्या हवं तर, पण कायद्याच्या पुस्तकात आम्हाला कमी लेखू नका.

आणखी एक गंमत. केप वसाहतीने १९०६ च्या कायद्यात ज्यूंची यिडिश भाषा युरोपीय म्हणून मान्य केली. त्याच केप टाउनमध्ये आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान जाऊन राहिले होते. त्यांची भाषा कुठल्याच यादीत नव्हती. अमेरिकेने १९१७ मध्ये उलटं केलं. तीस-चाळीस शब्द वाचून दाखवा, कुठल्याही भाषेत. मराठीसुद्धा चालली असती! पण त्याच कायद्याने नकाशावर रेघ ओढून हिंदुस्थानसकट बहुतेक आशियाला बंदी घातली. वाचता येऊन उपयोग काय?

आता आजच्या परीक्षेकडे येऊ. आयेल्ट्सची आधीची आवृत्ती १९८० ची, सध्याचं नाव १९८९ पासून. ती आली परदेशी विद्यापीठांत शिकायला जाणाऱ्यांसाठी. व्हिसावाल्यांनी पुढे तिचा आधार घेतला. इथे पास-नापास नाही, शून्य ते नऊ अशा पायऱ्या आहेत, त्यांना बँड म्हणतात.

ऐकण्याचे चाळीस प्रश्न, वाचनाचे चाळीस. बरोबर उत्तरं मोजायची आणि तक्त्यावरून बँड काढायचा. ऐकण्यात साधारण तीस बरोबर म्हणजे सात. वाचनाचे पेपर दोन तऱ्हेचे. विद्यापीठवाला अवघड असतो, त्यात तीस बरोबर आले की सात. कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायला बहुधा जो द्यावा लागतो तो सोपा, म्हणून त्यात सातसाठी चौतीस लागतात. लेखन आणि बोलणं माणूस तपासतो, प्रत्येकी चार कसोट्यांवर. लेखनात विचारलेलं उत्तर दिलं का, मांडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. बोलण्यात ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. तुमचा हेल सोलापुरी असला तर गुण जात नाहीत, बोललेलं कळलं पाहिजे. लेखनात दोन प्रश्न असतात आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. आपली पोरं पहिल्यातच वेळ घालवून बसतात, हे लक्षात ठेवा.

मग चारही बँडची सरासरी. पाव आला तर वर अर्ध्याला जातो, पाऊण आला तर पुढच्या पूर्णाला. सव्वासहाचे साडेसहा, पावणेसाताचे सात.

त्या पालकांच्या मुलाचं गणित करू. साडेसात, सात, साडेपाच, साडेसहा. बेरीज साडेसव्वीस, भागिले चार, ६.६२५. जवळचा अर्धा म्हणजे साडेसहा. बरोबर आहे. पण कॅनडाच्या मुख्य कुशल कामगार योजनेत सरासरी बघतच नाहीत. चारही विषयांत प्रत्येकी किमान सहा हवेत. लेखन साडेपाच, तिथे अडकलं. परीक्षेने त्याला नापास केलेलं नाही. परीक्षेने मोजून दिलं, रेघ कॅनडाने ओढली.

ही मोजणारा वेगळा, रेघ ओढणारा वेगळा, ही गोष्ट आपल्याला शिकवायला नको. आपण ऊसवाले. साखर उतारा प्रयोगशाळेत निघतो. पण एफआरपी कुठल्या उताऱ्याला द्यायची हे दिल्ली ठरवते. २०१८-१९ मध्ये पायाभूत उतारा साडेनऊवरून दहा केला, २०२२-२३ मध्ये सव्वादहा. ऊस तोच, रान तेच, उतारा तोच. रेघ सरकली.

तसंच ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठीची पातळी जानेवारी २०२६ मध्ये वाढवली. आयेल्ट्सच्या भाषेत प्रत्येक विषयात चारऐवजी साडेपाच. त्या रात्री कोणाचं इंग्रजी बिघडलं का? तिथलं राजकारण बदललं. ऑस्ट्रेलियात प्रत्येक विषयात सात आले तर दहा गुण, आठ आले तर वीस. सातवाल्याला काम जमत नाही असं नाही, रांग लांब आहे म्हणून वरचे निवडायचे.

म्हणजे शंभर वर्षांत काय बदललं? मोजमाप उघड झालं. तक्ता छापलेला आहे, कसोट्या जाहीर आहेत, फी भरून फेरतपासणी मागता येते. किशला गेलिक घातली तशी आज कोणी घालू शकत नाही. हे थोडं नाही. काय बदललं नाही? रेघ अजून त्यांच्याच हातात आहे, आणि कोण हवा, कोण नको यावरून ती सरकते.

म्हणून पालकांना आमचं सांगणं. क्लासच्या फलकावर 'सहा बँड' वाचून पैसे भरू नका. कुठला देश, कुठला व्हिसा, कुठली परीक्षा, प्रत्येक विषयात किती, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. निकाल साधारण दोनच वर्षं चालतो, तेव्हा घाईने परीक्षा देऊन ठेवू नका. आणि त्या मुलाला सांगा, तुला फक्त लेखनात अर्धा बँड कमी पडलाय. त्यावर तीन महिने मेहनत घे. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर तो आकडा कॅनडाच्या गरजेचा आहे, तुझ्या अकलेचा नाही.