झारेकऱ्यांची विद्या

नाशिकच्या सराफ बाजारात, सरकारवाड्याच्या आसपास, जिथे पावसाळ्यात गोदेचा पूर दुकानांच्या पायऱ्यांना लागतो, तिथे सोनाराच्या दारातील केर हीसुद्धा किमतीची वस्तू आहे. कानशीने झडलेला कीस, शेगडीच्या राखेत अडकलेले कण आणि फुटक्या मुशीला चिकटून राहिलेला अंश असलेला हा केर विकत घेऊन, तो पसरट पात्रात धुऊन, त्यातून सोने-रुपे वेगळे काढणारा झारेकरी हा आपल्याकडचा जुना धंदेवाईक. पेशवाईत भरण्याच्या नाण्यांची पारख करणाऱ्या पोतदारास दफ्तरात मानाची जागा होती. चांदवडच्या टाकसाळीचा रुपया जिथे चालत होता, त्या या मुलखात तर त्याच्या नजरेवर सरकारचा भरवसा असे. झारेकऱ्याच्या वाट्याला मात्र असा मान आला नाही, आणि हा मला अन्याय वाटतो.

कारण त्याचे काम अधिक खोलातले होते. धुऊन उरलेल्या जड मातीत तो पारा घालून मळी. वाळू पाऱ्याला स्पर्श करीत नाही, सोने-रुपे मात्र त्यात शिरते. मग तो पारा दुहेरी फडक्यातून पिळून, राहिलेला गोळा विस्तवावर धरला की पारा उडून जाई आणि धातू उरे. त्या वाफेने किती जणांचे देह पोखरले असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही. पुढे तेजाबात घातले की रुपे विरघळून अदृश्य होते, सोने तळाशी राहते. आणि त्या निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडताच रुपे पुन्हा प्रकट होते.

नको ते मागे ठेवून हवे तेवढेच उचलणारा द्रव शोधणे, हेच आधुनिक विश्लेषक रसायनशास्त्रातील विद्रावक निष्कर्षणाचेही मर्म. साम्य फार ताणू नये. पाऱ्यात धातू धातू म्हणूनच मिसळतो, तर तेजाबात तो आयनरूपाने पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो आणि हे वेढे सुटल्यावाचून तेलकट द्रवात जात नाही. फ्रान्सच्या पेलिगो याने 1842 साली युरेनियमचे नायट्रेट ईथरमध्ये उतरवून ही वाट दाखविली. जर्मनीत हेल्मुट फिशर याने 1925 मध्ये डायथायझोन हे अभिकर्मक विश्लेषणात आणले, तेव्हा तिला सूक्ष्मता आली. क्लोरोफॉर्ममधील त्याचे द्रावण पाचूसारखे हिरवे असते. शिशाचा लेशमात्र असलेले, अमोनियाने अल्कधर्मी केलेले पाणी त्यासह विभाजक नरसाळ्यात हलवून ठेवले की खालचा जड थर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होतो. सायनाइड घातले असेल, तर तांबे, जस्त आणि रुपे वरच्या पाण्यातच अडकून राहतात. एका नरसाळ्यात, दोन थरांमध्ये, एवढा निवाडा होतो.

हीच विद्या तुर्भ्याच्या अणुकेंद्रात होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली 1964 साली प्लुटोनियम वेगळे करण्याच्या कारखान्यापर्यंत पोचली. तिथे ट्रायब्युटिल फॉस्फेट हे रॉकेलसारख्या तेलात मिसळून वापरतात. पवईच्या आयआयटीतील श्री. मो. खोपकर यांनी तर आयुष्यच या विषयाला वाहिले, आणि अनिलकुमार डे व चाल्मर्स यांच्यासह 1970 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा धातूंच्या निष्कर्षणावरील ग्रंथ अभ्यासकांच्या हाती दिला.

नाशिकच्या महाविद्यालयांतील रसायनाच्या अध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे, की विद्यार्थ्यांच्या हाती नरसाळे देण्यापूर्वी त्यांना एकदा सराफ बाजारात न्यावे, केर कसा गोळा होतो ते दाखवावे, आणि परतल्यावर आम्ल पाण्यात रुप्याचा अंश घालून डायथायझोन हलवू द्यावे. तो हिरवा थर सोन्यासारखा पिवळा होतो.