प्रोटीन स्किमर आणि अल्गी स्क्रबर: खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन्ही एकत्र लावावेत का?

क्लाउनफिश आणि प्रवाळ असलेली टाकी रीलमध्ये जितकी छान दिसते, तितकंच तिच्याखालचं कपाट गिचमिड असतं. तिथे पंप असतात, नळ्या असतात आणि 'सम्प' नावाची दुसरी छोटी टाकी असते. वरचं पाणी त्यात उतरतं, स्वच्छ होतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. या सम्पमध्ये प्रोटीन स्किमर बसवायचा की शेवाळाचा स्क्रबर, यावर हौशी लोकांचे दोन तट आहेत. खरं तर ही दोन यंत्रं वेगवेगळी घाण काढतात. त्यामुळे 'हे की ते' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे.

घाण म्हणजे नक्की काय?

माशांना टाकलेलं खाणं पाण्यातच राहतं. काही मासे खातात आणि विष्ठा टाकतात, उरलेलं कुजतं. कुजताना अमोनिया तयार होतो आणि तो माशांसाठी विषारी असतो. दगडांवरचे आणि वाळूतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सोबत फॉस्फेटही साठत जातं. नायट्रेट आणि फॉस्फेटने मासा लगेच मरत नाही, पण काचेवर आणि दगडांवर नको ते शेवाळ माजतं. फॉस्फेट फार वाढलं तर प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा तयार व्हायलाही अडथळा येतो.

म्हणजे घाण दोन टप्प्यांत असते. पहिला टप्पा न कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा, दुसरा कुजून झालेल्या क्षारांचा. स्किमर पहिल्या टप्प्यावर काम करतो, स्क्रबर दुसऱ्या.

स्किमर: डाळीवरचा फेस

डाळ शिजताना वर फेस येतो आणि तो पळीने काढून टाकतात. स्किमरचं काम साधारण तसंच. उभ्या नळकांड्यात पाणी आणि हवेचे अगदी बारीक बुडबुडे घुसळले जातात. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, त्यामुळे ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. फेस वर चढतो आणि कपात तपकिरी, उग्र वासाचं पाणी जमा होतं. हे फक्त खाऱ्या पाण्यातच नीट जमतं, कारण मिठामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी कुणी स्किमर विकत असेल तर पैसे वाचवा.

कपातलं काळं पाणी पाहून यंत्र सगळं काढतंय असं वाटतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच त्यांना निघताना दिसला. आधीच तयार झालेल्या नायट्रेट-फॉस्फेटला तर स्किमर जवळपास हात लावत नाही. त्याचा दुसरा फायदा मात्र कमी लेखला जातो. तेवढी हवा घुसळल्यामुळे पाण्यात ऑक्सिजन वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो, तेव्हा हे फार कामी येतं.

स्क्रबर: जिथे हवं तिथेच शेवाळ

स्क्रबरमागची कल्पना सोपी आहे. शेवाळ येणारच असेल तर ते टाकीत न येता एका जाळीवर यावं. खरखरीत प्लॅस्टिकच्या जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा वाहतो आणि दोन्ही बाजूंनी एलईडीचा तीव्र प्रकाश पडतो. शेवाळ नायट्रेट, फॉस्फेट आणि अमोनिया शोषून वाढतं. मग ते खरवडून फेकायचं. ही शेवटची पायरीच खरी सफाई आहे. न खरवडलेलं शेवाळ आतून कुजतं आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडतं.

ही पद्धत मांडली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी. कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळ खडकांवर आखूड गवतासारखं शेवाळ किती झपाट्याने वाढतं, हे त्यांनी पाहिलं होतं. १९८२ मध्ये त्यांना या यंत्राचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ मध्ये उघडलेल्या भल्यामोठ्या प्रवाळ-मत्स्यालयातही सुरुवातीला हीच पद्धत होती. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे पाणी पिवळसर होतं. शेवाळातून रंगद्रव्यं आणि सेंद्रिय पदार्थ झिरपतात. रंगावर ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी हा स्वस्त उपाय आहे, आणि झिरपणाऱ्या सेंद्रिय पदार्थांपैकी काही स्किमर उचलतो. दोघांची जोडी जमते ती इथे.

एकत्र कसं बसवायचं?

टाकीतून उतरणारं पाणी आधी स्किमरला द्यावं, कारण त्यात न कुजलेली घाण सर्वांत जास्त असते. त्यानंतर स्क्रबर. स्क्रबरच्या शेवाळात कोपेपॉडसारखे बारीक जीव वाढतात. ते परतीच्या पंपातून वर गेले तर माशांना ताजं खाणं मिळतं, स्किमर पुढे असता तर त्यातले काही फेसात गेले असते. जागाच नसेल तर क्रम उलटा झाल्याने आभाळ कोसळत नाही.

जाळीचं माप टाकीच्या लिटरवर नाही, रोजच्या खाण्यावर ठरवतात. गोठवलेल्या खाण्याचा रोज एक क्यूब जात असेल तर दोन्ही बाजूंनी उजेड पडणारी सुमारे १० बाय ८ सेंटिमीटरची जाळी पुरते, असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे. रुंदीच्या दर सेंटिमीटरला तासाला साधारण ५० लिटर पाणी हवं, म्हणजे या जाळीला ५०० लिटर. दिवे रात्री लावावेत. टाकी अंधारात असताना पाण्याचा पीएच उतरतो, पण स्क्रबरमधलं शेवाळ तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेत असल्याने ही घसरण कमी होते.

नव्या जाळीवर पहिले काही आठवडे तपकिरी चिखलच दिसेल, हिरवं शेवाळ नंतर येतं. पुढे दर ७ ते १४ दिवसांनी जाळी बाहेर काढून बेसिनमध्ये खरवडायची, पण मुळाशी थोडं शेवाळ ठेवायचं. स्किमरच्या कपाची मान दोन-चार दिवसांनी पुसावी. तिथे चिकटा साचला की फेस वर चढत नाही.

बिघडतं कुठे?

जास्त घाण राहिल्याने नाही, तर फार स्वच्छ झाल्याने. दोन-तीन मासे असलेल्या टाकीत दोन्ही यंत्रं पूर्ण जोरात चालवली की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर जातात. प्रवाळ फिकट पडतात, आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेले चिकट धागे पसरतात. ते डायनोफ्लॅजेलेट्स असतात, साध्या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असलं तर बहुतेक प्रवाळांना चालतं. आकडे खाली घसरत असतील तर आधी स्क्रबरच्या दिव्यांचे तास कमी करा, स्किमर बंद करू नका. तो ऑक्सिजनही देत असतो.

आपल्याकडचा दुसरा धोका म्हणजे वीज. पुरवठा गेला की दोन्ही यंत्रं एकाच क्षणी थांबतात आणि नळ्यांमधलं पाणी सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर घरभर खारं पाणी होतं. जाळी काही तासांत वाळते. वाळलेलं शेवाळ पंप सुरू झाल्यावर तुटून टाकीत जातं, म्हणून सुरू करण्याआधी ते खरवडून टाकावं. बॅटरीवर चालणारा साधा हवेचा पंप या सगळ्यापेक्षा स्वस्त आहे आणि मासे जगवतो तोच.

पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर? मासे मोठे आणि जास्त असतील तर आधी स्किमर. मासे मोजके आणि नायट्रेटच सतत वाढत असेल तर स्क्रबर. शंभर लिटरपेक्षा लहान टाकीला मात्र दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं बहुतेक वेळा पुरतं.