पूर्णेवरील पूल आणि जुन्या-नव्याचा वाद

ज्युबिलीच्या अंकात देवळाची हकीकत असावी, पुलाची कशास, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ख्रिस्तसभेत पोपसाहेबांस जी जुनी लॅटिन पदवी लावितात, तिचा शब्दशः अर्थ ‘पूल बांधणारा’ असाच होतो. मध्ययुगी युरोपात पुलाच्या बांधणीस वा दुरुस्तीस द्रव्य देणाऱ्यांस बिशप दंडमाफी जाहीर करीत. रुग्णसेवा आणि अन्नदान ह्यांच्याच पंक्तीस हे काम बसे. तेव्हा विषय आम्हांस अगदीच परका नव्हे.

आम्ही राहतो गुरुकुंज मोझरीस, आणि ज्या पुलाविषयी लिहावयाचे तो आहे अकोला जिल्ह्यात. परंतु अमरावती धर्मप्रांत 1955 साली स्थापन झाला तेव्हापासून अकोला-अकोटची माणसे आणि आम्ही एकाच घरची आहो. अकोल्याहून अकोटास जाताना वाटेत गांधीग्राम लागते. तेथे खारपाणपट्ट्यातून वाहणारी पूर्णा ब्रिटिश अमदानीतील पुलावरून ओलांडीत. 1948 साली गांधीजींच्या अस्थी ह्याच ठिकाणी पूर्णेत विसर्जित झाल्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे कावडधारी येथूनच पाणी भरून राजराजेश्वरास नेतात. पूल म्हणजे नुसते दगड नव्हेत, हे तेथील माणसास निराळे सांगावे लागत नाही.

2022 सालच्या ऑक्टोबरात ह्या पुलास तडा गेलेला दिसला आणि वाहतूक बंद झाली. मग वाद सुरू झाला. अकोट-तेल्हाऱ्याकडील लोकांस दूरचा वळसा पडू लागला; कापूस बाजारात न्यावयाचा, रोग्यास अकोल्याच्या दवाखान्यात पोचवावयाचे, मुलांनी महाविद्यालयास जावयाचे, सगळेच अडले. डागडुजी करून पूल लवकर मोकळा करा, असे एक म्हणे. इतक्या जुन्या पुलावर पैसा ओतण्यापेक्षा नवाच बांधा, असे दुसरा म्हणे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अकोला-अकोट रुंद मार्गावर आगगाडी सुरू झाली, तिने थोडा दिलासा दिला. परंतु आगगाडी कोणाच्या शेताच्या बांधाशी थांबत नाही.

दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य होते. मात्र जुना पूल पडतो तो बहुधा वरून नव्हे, तर खालून, ही गोष्ट वादात मागे राहते. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरा धरते, पायाखालची वाळू ओढून नेते, आणि पूर ओसरला म्हणजे गाळ त्या खड्ड्यात पुन्हा बसतो. पाहणाऱ्यास सर्व जसेच्या तसे दिसते! सांध्यातला चुना धुऊन जातो, तेथे पिंपळ रुजतो, त्याची मुळे दगड सैल करितात. निदान हे तरी डोळ्यांस दिसते.

महाडजवळ सावित्री नदीवर 1928 सालचा दगडी कमानींचा पूल होता. 2016 च्या मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला, आणि 2 ऑगस्टच्या रात्री महापुरात तो वाहून गेला. राज्य परिवहनच्या दोन मोटारी व एक खासगी गाडी अंधारात नदीत कोसळली. सुमारे चाळीस जीव गेले. पुढे 165 दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि 5 जून 2017 रोजी खुला झाला. काम मनावर घेतले तर किती दिवसांत होते, हे त्यावरून कळले. पण केव्हा कळले?

उलट बाजूचे उदाहरण मावळातील कुंडमळ्याचे. इंद्रायणीवरील तो जुना लोखंडी पूल धोक्याचा म्हणून जाहीर होता. तरी 15 जून 2025 रोजी त्यावर गर्दी लोटली, पूल कोसळला आणि चौघे दगावले. धोक्याची पाटी लावणे म्हणजे पूल बंद करणे नव्हे.

म्हणून आमचे मत असे: गाड्यांचा भार नव्या पुलाने वाहावा, ह्यात संशय नको. जुना राखावयाचा तर तो पायी चालणारांसाठी राखावा, आणि तोही पायथ्याची तपासणी व दुरुस्ती झाल्यावरच. कावडीचे शेकडो खांदे भरलेल्या घागरींसह एकाच वेळी पुलावर येतात, तो भार थोडा नसतो. एवढा खर्च करण्याची तयारी नसेल तर ममतेपोटी त्यास उभा ठेवू नये. रीतसर उतरवून घ्यावा. हा निर्णय कोणास निष्ठुर वाटेल, पण सावित्रीकाठच्या घरांत विचारून पाहावे.

जुना पूल निवृत्त होऊन सन्मानाने राहू शकतो, ह्यासही दाखला आहे. फ्रान्सात आव्हिन्यों येथे ऱ्होन नदीवर बाराव्या शतकात बेनेझे नावाच्या मेंढपाळ मुलाच्या प्रेरणेने पूल झाला, अशी आख्यायिका आहे. बावीस कमानींचा तो पूल पुरांनी वारंवार मोडला, लोकांनी वारंवार सांधला, आणि सतराव्या शतकात शेवटी हात टेकले. आज चार कमानी उभ्या आहेत. त्यांवर संत निकोलसचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे, आणि गाड्या दुसऱ्या पुलांवरून जातात.